घरी बघतात

बावीस वर्षं मी दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांवर ओरडले. "रांगेत या. केसपेपर हातात ठेवा. एका पेशंटबरोबर एकच माणूस. अहो आजोबा, दिसताय तुम्ही मला, डोकं आत घालू नका." घसा कायमचा बसला त्यात. घरी आमचे हे म्हणायचे, "जरा हळू बोल, मी काही रांगेत उभा नाहीये." मग साथ आली आणि तिसऱ्या आठवड्यात रांगच नाहीशी झाली. बाकडी रिकामी, पंखे उगाच फिरतायत, आणि झाडूवाला तीच स्वच्छ फरशी पुन्हा पुन्हा पुसतोय. माणसं आजारी पडायची थांबली नव्हती. ती फक्त यायची थांबली होती.

मग साहेबांनी आम्हा दोघींना फोनवर बसवलं. दोघी म्हणजे मी आणि घड्याळ. घड्याळ म्हणजे माझ्या शेजारच्या खिडकीतली बाई. पाचला एक मिनिट कमी असताना हिची पर्स खांद्यावर, म्हणून हे नाव. आणि तिलाही ते ठाऊक आहे. साथीमुळे आम्हाला दुपारी दोनला सोडायला लागले, तरी नाव काही बदललं नाही. काम असं होतं: साखरेचे, रक्तदाबाचे, हृदयाचे जे जुने पेशंट तपासणीला यायचे बंद झाले होते, त्यांना फोन करून बोलवायचं. सम नंबरचे केसपेपर तिच्याकडे, विषम माझ्याकडे. ज्यांना बावीस वर्षं "मागे सरा" म्हणाले, त्यांनाच आता "पुढे या" म्हणून विनवायचं. घ्या!

साहेबांनी टेबलावर एक कागद चिकटवला होता. "दवाखाना पूर्णपणे सुरक्षित आहे. साथीच्या पेशंटची इमारत वेगळी आहे. आपण निर्धास्तपणे तपासणीला यावे." हे दिवसाला सत्तर वेळा वाचायचं. आणि पलीकडून काय काय ऐकायला मिळायचं! एक आजी म्हणाली, "बाई, मरायचंच असेल तर स्वतःच्या पलंगावर मरीन, त्यासाठी तिकीट काढून तिकडे कशाला येऊ?" एकाने विचारलं, "तुमच्याकडे आलेला माणूस परत जातो का, ते आधी सांगा." एकाच्या छातीत तीन दिवस दुखत होतं, पण गॅस आहे म्हणून तो आलं चघळत बसला होता. एका बाईने मला "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. दहा वर्षं दर महिन्याला माझ्याशी सुट्या पैशांवरून भांडणारी बाई ती, मी तिचा आवाज ओळखणार नाही?

पहिले पंधरा दिवस मी जीव तोडून बोलले. भांडले, समजावलं, एकदोघांना रागावले. मग दमले. खरंच सांगते, कामाने माणूस इतका दमत नाही, जितका "नको" ऐकून दमतो.

यादीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता आणि आम्हाला शेरे चारच लिहायचे होते. येतो म्हणाले. येत नाही म्हणाले. फोन उचलत नाहीत. घरी बघतात. पहिल्या शेऱ्याला तारीख द्यावी लागायची. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला साहेब म्हणायचे, "परत लावा." चौथ्याला कुणी काही म्हणत नसे. "आमची सून बघते हो सगळं" किंवा "मुलगा घरीच साखर मोजतो" असं कुणी म्हणालं की विषय संपला, पुढचा नंबर. जसजशी मी दमत गेले, तसतसा माझ्या यादीत चौथा शेरा वाढत गेला. पुढे पुढे तर मीच त्यांच्या तोंडात घालायला लागले, "घरी बघताय ना तुम्ही?" "हो हो." झालं. घड्याळचंही तेच. कुणाला कशाला नावं ठेवू.

आता घरचं सांगते. आमचे हे शिलाई मशिनं दुरुस्त करतात. दुकान साथीत बंद पडलं होतं. त्यांना आठ वर्षं साखर आहे, आणि गेली तीन वर्षं त्यांच्या दोन्ही तळव्यांना काही कळत नाही. एकदा चपलेत स्क्रू अडकला होता, तर दिवसभर त्यावरून चालले आणि संध्याकाळी मला म्हणतात, "फरशी कशाने लाल झाली?" तेव्हाच डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "यांना दुखणार नाही, म्हणून रोज कुणीतरी पाय बघायचे. एक दिवसही चुकवायचा नाही. जखम चिघळली तर पाय जाईल." कुणीतरी म्हणजे मीच, दुसरं कोण! ह्यांचं पोट आडवं येतं, स्वतःचा तळवा त्यांना दिसत नाही.

तेव्हापासून रोजचा नेम होता. संध्याकाळचा चहा झाला की ते खुर्चीत बसायचे, मी खाली बसून त्यांचे पाय मांडीवर घ्यायचे. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. ते वरून विचारायचे, "काय मॅडम, आजचा दिवस ढकलला का पुढे?" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आम्हाला गोड बोलणं कधी जमलं नाही. जे काही होतं, ते त्या पंधरा मिनिटांत होतं.

आणि साथ आल्यावर ते मी बंद केलं. साखरेच्या माणसाला हा आजार झाला तर काही खरं नाही, असं सगळे सांगत होते, आणि मी तर रोज तिथूनच यायचे. म्हणून दारातच चपला, पर्स, ओढणी काढून बादलीत. कुठेही हात न लावता थेट बाथरूममध्ये. कोपरापर्यंत हात घासायचे, दोनदा, तीनदा. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटली माझी. मी बाहेरच्या खोलीत झोपायचे, ते आतल्या. मधलं दार लोटलेलं. ताट दारापाशी ठेवायचं आणि मागे सरायचं. "पाय बघितलेत का?" मी बाहेरून विचारायचे. "बघितले, बघितले," ते आतून म्हणायचे. कसे बघितले, पोट आडवं येतं ना, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण दमलेला माणूस स्वतःचीही समजूत चटकन घालून घेतो.

त्यांची तपासणीची तारीख आली तेव्हा मीच म्हणाले, "राहू द्या या खेपेला. तिकडे फिरकूसुद्धा नका." दिवसभर सत्तर घरांना "या, या" म्हणणारी मी, आणि घरी हे.

असे चार महिने गेले. एक दिवस मी अडीचला घरी आले. चपला काढता काढता गॅलरीतल्या दोरीकडे लक्ष गेलं. तिथे एक मोजा वाळत होता. एकच. राखाडी, दोन चिमटे लावलेला. कपडे मी धुते. ह्या माणसाने जन्मात कधी रुमाल धुतलेला नाही. मी जवळ जाऊन बघितलं. अंगठ्याखालच्या जागी पिवळट डाग होता, धुऊनही न गेलेला.

मी तशीच आतल्या दारापाशी गेले. "मोजा कुणी धुतला?"

"आंघोळ झाली तुझी?" आतून आवाज.

"मोजा कुणी धुतला म्हणते मी."

"मी. रिकामाच तर बसलेला असतो."

"एकच?"

"दुसरा स्वच्छ होता."

"पाय दाखवा मला."

"आधी आंघोळ कर. तुझाच नियम आहे."

त्या दाराला कडी नाही. चार महिने ते नुसतं माझ्या धाकाने बंद होतं. मी ढकललं. हे पलंगाच्या कडेला बसले होते आणि डाव्या पायाला टॉवेल गुंडाळलेला. मास्क होता तरी मला वास आला. दवाखान्यात बावीस वर्षं काढलेल्या बाईला तो वास कसला, हे सांगावं लागत नाही. मी खाली बसले आणि पाय मांडीवर घेतला. अंगावर दवाखान्याचे कपडे, हात न धुतलेले. अंगठ्याखाली शर्टाच्या बटणाएवढं भोक होतं. अंगठा आणि शेजारचं बोट काळंनिळं पडलेलं. लाली घोट्याकडे चढत होती.

"कधीपासून?"

"मोज्याला लागलं तेव्हा कळलं. झाले असतील तीन आठवडे."

"तीन आठवडे! आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय होणार? तू तिकडे घेऊन गेली असतीस."

माझ्या तोंडून काय निघावं? "अहो, दवाखाना पूर्णपणे सुरक्षित आहे. साथीच्या पेशंटची इमारत वेगळी..." जीभ वळली ती तिकडेच. ते हसले. हसले म्हणजे काय, नाकातून वारा सोडला.

"तो कागद माझ्यापुढे वाचू नकोस," ते म्हणाले. "मी या दाराच्या फटीतून रोज बघतो तुला. अंगाला आग लागल्यासारखी आत येतेस. हात इतके घासतेस की टॉवेलला रक्त लागतं. बातम्या मी ऐकतच नाही. तुला बघितलं आणि ठरवलं, जिथून आल्यावर हिची अशी अवस्था होते, तिथे आपण जायचं नाही."

मला रडायला यायला हवं होतं, पण राग आला. त्यांचा, माझा, साहेबांच्या त्या कागदाचा. मी म्हणाले, "मग ऐका. सुरक्षित आहे की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. इमारत वेगळी आहे, पण लिफ्ट एकच आहे. आमच्या धोबीखान्यातला माणूस गेला गेल्या महिन्यात. मला रोज भीती वाटते. सकाळी बसमध्ये चढताना वाटतं, परत फिरावं. हे सगळं खरं आहे. पण हा पायपण खरा आहे. तिथे गेलात तर कदाचित काहीतरी होईल. इथे बसलात तर नक्की होणार. असले पाय मी बघितलेत, हे इथेच थांबत नाही. उठा."

"भीती वाटते, हे आधी सांगायचंस की," ते म्हणाले. "मग आलो असतो मी."

"विचारायचंत तुम्ही."

"कुणाला? तू दारापलीकडे होतीस."

मी उठले आणि टॅक्सीला फोन लावला.

दवाखान्यात सर्जन होता तो आमच्या मुलाच्या वयाचा, असता तर. टोपी, मास्क, काचेची ढाल, मधे फक्त डोळे. त्याने पाय बघितला, दाबून बघितला, मग कॉम्प्युटरवर ह्यांचा केसपेपर उघडला. "यांना आमच्याकडून तीनदा फोन गेलाय," तो म्हणाला. "तिन्ही वेळा शेरा एकच. घरी बघतात. खाली लिहिलंय, पत्नी इथेच नोकरीला आहे, रोज पाय तपासते." त्याने मान वर केली. "तुम्हीच ना? रोज बघत होतात, मग हे दिसलं नाही तुम्हाला?"

सम नंबर. घड्याळची यादी. माझ्या शेजारच्या टेबलावरून माझ्याच घरी तीनदा फोन गेला होता आणि मी माझ्या फोनवर कागद वाचत होते.

"बघते हो, रोज बघते ही," हे मधेच म्हणाले. "काल-परवाच झालं हे. मीच धडपडलो कुठेतरी." खोटं बोलताना ह्यांचे कान लाल होतात. पायाचं राहिलं बाजूला, आणि हा माणूस माझं नाव राखत होता.

"नाही बघितले, डॉक्टर," मी म्हणाले. "चार महिने नाही बघितले. तपासणीला येऊ नका, हेही मीच सांगितलं. तसं लिहा."

"अगं, गप्प बस ना," हे म्हणाले.

"लिहा," मी म्हणाले.

डॉक्टरने लिहिलं नाही. खुर्ची पुढे ओढून तो हळू आवाजात बोलला, तेही लहान पोराला समजावावं तसं. "तीन आठवड्यांपूर्वी आला असतात तर मलमपट्टीवर भागलं असतं. दोन आठवड्यांपूर्वी कदाचित एक बोट गेलं असतं. आता पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल. टाच वाचवतो. उद्या सकाळी दहाला. आणखी थांबलो तर गुडघ्याखालून काढावा लागेल." ह्यांनी एवढंच विचारलं, की मशिनचं पायडल मारता येईल का. डॉक्टर म्हणाला, उजव्या पायाने मारा. हे म्हणाले, "मग ठीक आहे." ठीक आहे म्हणे! मला त्या क्षणी त्यांना चार शब्द सुनवावेसे वाटले आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. माणसं होती.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्यांना वर न्यायला आले. नातेवाइकांना ऑपरेशनच्या मजल्यावर सोडत नव्हते. मी माझं कार्ड दाखवलं. दारावरच्या वॉचमनने ते बघितलंही नाही. बावीस वर्षं माझी बोलणी खाल्लेला माणूस तो, पण आवाज अजिबात चढवला नाही त्याने. "ताई, आज तुम्ही नातेवाईक आहात," म्हणाला. स्ट्रेचरवरून ह्यांनी माझा हात धरला आणि उलटासुलटा करून बघितला. "इतके घासू नकोस गं," म्हणाले, आणि लिफ्टचं दार लागलं.

मी खाली आले. घड्याळ टेबलापाशी उभी होती, डोळे सुजलेले. तिला कळलं होतं. "ताई, मी तुम्हाला एकदा तरी विचारायला हवं होतं. तुमचे मिस्टर म्हणाले, ती रोज बघते, तिला कशाला सांगताय, आधीच दमून येते. मला वाटलं, तुमच्यापेक्षा चांगलं कोण बघणार? मी लिहून टाकलं."

"गप्प बस," मी म्हणाले. "मी तरी दुसरं काय करत होते?"

"तुम्ही घरी जा ना ताई. नाहीतर बाकड्यावर बसा. मी बोलवते तुम्हाला."

"बसून काय करू? भिंत बघू?"

मी माझी यादी उघडली. सुरुवातीपासून. जिथे जिथे चौथा शेरा होता, त्याच्यासमोर पेन्सिलने फुली मारत गेले. चौथ्या पानावर पेन्सिलचं टोक मोडलं. मग फोन उचलला आणि साखरेचा पहिला नंबर लावला. केसपेपर एका म्हाताऱ्या शिक्षकांचा होता. फोन त्यांच्या सुनेने घेतला.

"सासऱ्यांच्या पायांना मुंग्या येतात, असं इथे लिहिलंय. त्यांचे पाय बघता का तुम्ही?"

"हो हो, घरी बघतो आम्ही."

"कोण बघतं?"

"म्हणजे... ते स्वतःच बघत असतील ना. तसे व्यवस्थित आहेत ते."

"तुम्ही शेवटचे कधी बघितलेत?"

ती हळूच म्हणाली, "मार्चच्या आधी. तेव्हापासून आम्ही त्यांच्या खोलीत फारसं जातच नाही. त्यांच्या काळजीपोटीच हो."

"आत्ता बघा. मी थांबते."

"आत्ता? गॅसवर दूध आहे माझं."

"गॅस बंद करा."

मी हे ज्या आवाजात म्हणाले, तो माझा खिडकीतला जुना आवाज होता. तिने गॅस बंद केला असावा, कारण पावलं ऐकू आली, दाराचा आवाज आला. "बाबा, मोजे काढा जरा. नाही, काही झालं नाहीये, दवाखान्यातल्या बाई म्हणतायत." म्हातारा काहीतरी कुरकुरला. खुर्ची सरकली. "असा उजेडात धरा. दुसरा." समोरच्या भिंतीवर सव्वादहा वाजले होते. वर काम सुरू झालं असणार. मी रिसीव्हर कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला. घड्याळ माझ्याकडे बघत होती, तिने तिचा फोन लावलाच नव्हता.

"काही नाही हो," सून परत आली. तिचा श्वास लागला होता, आणि आवाजात हसू होतं. "स्वच्छ आहेत. दोन्ही. बोटांच्या मधेसुद्धा बघितलं मी."

मला त्या बाईचा इतका राग आला, की फोन आपटावासा वाटला. चार महिने तिनेही बघितलं नव्हतं. चार महिने मीही बघितलं नव्हतं. तिला दोन्ही पाय स्वच्छ मिळाले.

"बाई? आहात ना?" ती म्हणाली.

"आहे," मी म्हणाले. "उद्या परत बघा."